उपवासाचे ताट आणि वाचलेला पैसा

साध्या, स्वस्त आणि शाकाहारी जेवणाशी ख्रिस्ती श्रद्धेचे जुने नाते आहे, असे म्हटले तर आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. शेजाऱ्यांनी श्रावण पाळावा, चातुर्मास पाळावा. ख्रिस्ती घरात मात्र मांस-मासळीवाचून ताट अपुरे, अशी समजूत समाजात रूढ आहे आणि आपणही ती मुकाट्याने मान्य केली आहे. ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र वेगळीच साक्ष देतो. डाळ, भाकर आणि पालेभाजी यांना त्या इतिहासात मानाचे पान आहे.

या परंपरेची मुळे जुन्या करारात आहेत. बाबेलच्या राजवाड्यात दानिएल आणि त्याच्या सोबत्यांनी राजाच्या पंगतीचे पक्वान्न नाकारले. दहा दिवस त्यांनी केवळ शाकभाजी आणि पाणी घेतले आणि राजान्न खाणाऱ्या तरुणांपेक्षा ते अधिक सतेज दिसले. यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात याच्याही पुढचे पाऊल टाकले. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा न देणारा उपवास देवाला मान्य नाही, असे त्याने निक्षून सांगितले. ही दोन सूत्रे, म्हणजे ताटातला साधेपणा आणि शेजाऱ्याच्या भुकेची जाणीव, पुढे ख्रिस्ती उपवासात एकत्र आली.

दुसऱ्या शतकातील लेखनात त्यांचा संगम स्पष्ट दिसतो. रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत दिली आहे. त्या दिवशी भाकर आणि पाणी एवढेच घ्यावे. एरवी जे जेवण जेवलो असतो त्याच्या खर्चाचा हिशेब करावा आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. अथेन्सचा तत्त्वज्ञ अरिस्तीदेस ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतो, की त्यांच्यात कोणी दरिद्री असला आणि त्याला द्यायला घरात अधिकचे काही नसले, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहतात आणि त्याच्या अन्नाची सोय करतात. पाचव्या शतकात परमगुरू थोर लिओ यांनीही आपल्या प्रवचनांतून उपवास आणि दानधर्म यांची हीच सांगड घातली. स्वस्त जेवणामागे दुसऱ्याची भूक भागवण्याचा हेतू होता. कंजूषपणाला तिथे जागा नव्हती.

या वृत्तीला शिस्त लावली ती मठांनी. सहाव्या शतकात इटलीतील मोन्ते कासिनो येथे संत बेनेदिक्त यांनी जी नियमावली सिद्ध केली, तिच्या ३९ व्या प्रकरणात मठवासीयांचे जेवण ठरवून दिले आहे. शिजवलेले दोन पदार्थ असावेत, कारण ज्याला एक मानवत नाही त्याला दुसरा खाता यावा. फळे किंवा कोवळी भाजी मिळाली तर तिसरा पदार्थ द्यावा आणि दिवसाकाठी प्रत्येकाला एक पौंड भाकर असावी. चतुष्पाद प्राण्यांचे मांस मात्र अगदी अशक्त आजाऱ्यांखेरीज कोणी खाऊ नये. या मोजक्या तरतुदीत किती समंजसपणा आहे! अन्न साधे आहे, परंतु ते रुचू नये असा आग्रह नाही; दुर्बळाची काळजी नियमातच गोवलेली आहे.

त्याहून महत्त्वाचे आहे ते ३५ वे प्रकरण. मठातील बांधवांनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात एकमेकांची सेवा करावी. आजारपण किंवा तसेच महत्त्वाचे काम असल्याखेरीज कोणाला सूट नाही. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी सर्व स्वच्छता करावी, हातपाय पुसण्याचे रुमाल धुवावेत, भांडी जशी घेतली तशी स्वच्छ व धड परत करावीत. मग त्याने आणि नव्याने पाळी घेणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवावेत. मठाच्या कोठाराची भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असेही संत बेनेदिक्त अन्यत्र सांगतात. चूल आणि वेदी यांच्यातील अंतर इतके कमी करणारा दुसरा नियम विरळाच.

अर्थात इतिहास सरळ रेषेत चालत नाही. मध्ययुगात उपवासकाळात मांसाबरोबर दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य होती. गरीब वाटाणे, कडधान्ये आणि कोबी यांवर भागवत. श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात मात्र बदाम वाटून त्याचे दूध काढले जाई आणि किमती माशांच्या पंगती उठत. फ्रान्समधील रुआं येथील महामंदिराच्या एका मनोऱ्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. उपवासकाळात लोणी खाण्याची सवलत घेणाऱ्यांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला, अशी परंपरा आहे. नियमाचे शब्द पाळून त्याचा आत्मा हरवण्याची कला जुनीच म्हणायची! याच काळात पाओलाचे संत फ्रान्सिस (१४१६-१५०७) यांनी आपल्या संघासाठी मांस, अंडी आणि दुग्धजन्य पदार्थ आयुष्यभर वर्ज्य करण्याचे व्रत घालून दिले, हेही विसरता कामा नये.

आपल्या किनाऱ्याचा संबंध येतो तो पुढच्या टप्प्यावर. १५३४ ते १७३९ या काळात वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. त्या राजवटीचे हिशेब वेगळे. पण पोर्तुगीज जहाजांनी अमेरिका खंडातील अनेक पिके भारतात आणली, हे निर्विवाद आहे. मिरची, काजू, अननस आणि पपई ही त्यांतली ठळक नावे. बटाटा, काजू, अननस, पपई, कोबी हे आपले शब्दही पोर्तुगीज भाषेची आठवण ठेवून आहेत. गंमत अशी, की एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीतील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही मूळची अमेरिकेची. परक्या मातीतले पीक एका धर्माच्या उपवासाला पवित्र ठरते आणि शेजारच्या धर्माच्या ताटातही तितक्याच सहज उतरते. अन्नाने माणसे तोडली जात नाहीत; तोडतो तो अहंकार.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६६ साली परमगुरू सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सुटसुटीत केले. १९८३ च्या धर्मविधीसंहितेनुसार शुक्रवारी मांस किंवा महागुरूंची परिषद ठरवील ते अन्न वर्ज्य आहे. मासळी या ‘मांसा’त मोडत नाही. परिणामी शुक्रवारी कोंबडी टाळून पापलेट आणणारे कुटुंब नियम मोडत नाही. पण कोंबडीपेक्षा महाग पापलेट खाऊन उपवास घडला का, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. हीच गोष्ट काजू-पनीरच्या भाजीची. आणि उपवासाच्या नावाखाली घरातल्या बाईला चार वेगळे पदार्थ रांधावे लागत असतील, तर उपवास तिचा आणि पुण्य इतरांचे, असा उफराटा प्रकार होतो.

वास्तविक आपल्या चुलीला मठाचे जेवण अनोळखी नाही. कुळथाचे पीठ पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत शिजवले, की घटकाभरात पिठी तयार होते. सोबत गरम भात आणि आमसुलाचे एखादे सार असले की जेवण रुचकर होते. रात्री भिजवून मोड आणलेले वाल सोलून केलेले बिरडे, शेवग्याच्या पाल्याची किंवा केळफुलाची भाजी आणि तांदळाची भाकरी हे कोणत्याही पंगतीला शोभेल. डाळ आणि भात एकमेकांची उणीव भरून शरीराला पुरेशी प्रथिने देतात, हे आहारशास्त्राने सांगण्यापूर्वीच आपल्या आज्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१९५८ साली जर्मनीच्या महागुरूंनी जगातील भूक आणि रोगराई यांविरुद्ध ‘मिझेरिओर’ ही संस्था स्थापन केली आणि उपवासकाळातील श्रद्धावंतांच्या दानावर तिचे कार्य उभारले. तिचे नाव मार्कच्या शुभवर्तमानातील, लोकसमुदायाविषयीच्या ख्रिस्ताच्या कळवळ्यावरून घेतलेले आहे. हर्मासचा तो हिशेबच एका खंडावर मांडला गेला, असे म्हणता येईल.

तो हिशेब आपल्या घरातही मांडता येईल. शुक्रवारचे जेवण दोन पदार्थांचे असावे. ते पाळीने रांधावे आणि त्या पाळीत वडील व मुलगेही असावेत. एरवीच्या जेवणाशी तुलना करून उरलेली रक्कम त्याच दिवशी बाजूला काढावी आणि महिन्याअखेर आपल्याच धर्मग्रामातील एखाद्या गरजू घरी, गाजावाजा न करता, पोहोचवावी. ताटातून कमी केलेले अन्न दुसऱ्याच्या ताटात पोहोचले, तरच तो उपवास. एरवी तो केवळ जेवणातला बदल.