दुकानाच्या भिंतीवरचा 'गुमास्ता' : एका कायद्याची गोष्ट

१/
मुंबईत नवे दुकान थाटणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो : "गुमास्ता काढला का?" कायद्यात मात्र या नावाचा परवाना नाही. गुमास्ता हा फारसी शब्द. अर्थ 'नेमलेला माणूस'. पेढीवरच्या नोकराचे हे नाव मालकाच्या कागदाला कसे चिकटले?

२/
आरंभ गिरण्यांपासून करावा लागतो. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पेढीवरचा गुमास्ता या सगळ्याच्या बाहेरच राहिला.

३/
कारण साधे होते. गिरणीला फाटक होते, भोंगा होता, हजेरी होती. दुकानातला नोकर पुष्कळदा मालकाच्याच गावचा वा नात्यातला. तो जेवे तिथेच आणि निजेही तिथेच. त्याचे काम कधी सुरू झाले आणि कधी संपले, हे मोजणार कोण?

४/
१९३९ साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापनांसाठी कायदा केला. अशा प्रकारचा हा देशातील पहिला कायदा. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा 'मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८' ने घेतली.

५/
या कायद्याची युक्ती लक्षात घेण्याजोगी आहे. नोकराचे तास निरीक्षकाला दिसत नाहीत. दुकानाचे दार दिसते. म्हणून कायद्याने दारच बांधले : उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरवल्या आणि आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवणे सक्तीचे केले. त्या दिवसाचा पगार कापण्यास मनाई केली. दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा घातली.

६/
नोंदणी प्रत्येक दुकानाला आवश्यक होती, नोकर एक असो वा वीस. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचे. अंमलबजावणी शहरांत महापालिकांकडे आली. नोकरांसाठी झालेल्या कायद्याचा हा कागद लोकांच्या तोंडी 'गुमास्ता' झाला. बाजारपेठांची ठरलेल्या वारी बंद राहण्याची सवयही याच कायद्याने रुजवली.

७/
१९ डिसेंबर २०१७ पासून महाराष्ट्रात नवा अधिनियम लागू झाला. दुकान वर्षाचे ३६५ दिवस, चोवीस तास उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. साप्ताहिक सुट्टी दुकानाची न राहता कामगाराची झाली : प्रत्येकाला आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती. म्हणजे पुरावा दारावरून नोंदवहीत गेला.

८/
दुसरा बदल अधिक खोल होता. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना पुरेशी ठरली. छोट्या व्यावसायिकाचे हेलपाटे वाचले, हे खरे. परंतु त्याच उंबरठ्यामुळे कामाचे तास, सुट्टी आणि रजा यांविषयीच्या या अधिनियमातील तरतुदीही अशा दुकानांना लागू झाल्या नाहीत.

९/
१८८१ मध्ये कायद्याची रेषा शंभर कामगारांवर होती. १९४८ च्या कायद्याने एकट्या नोकरालाही आत घेतले. २०१७ मध्ये रेषा पुन्हा आखली गेली, ती दहावर. पाटी लावणाऱ्या मालकाच्या दृष्टीने ही कागदपत्रांतली सवलत. किराणा दुकानातल्या तिघा नोकरांच्या दृष्टीने ही १९३९ पूर्वीच्या जुन्या प्रश्नाची परतफेरी : त्यांचा दिवस कधी संपतो, हे मोजणार कोण?