शनी ग्रहाच्या नावाची रेकॉर्ड कंपनी

१/ १९५० च्या दशकातील शिकागो. कोणाची ध्वनिमुद्रिका काढायची आणि तिची मालकी कोणाकडे राहणार, हे बहुधा गोऱ्या मालकांच्या कंपन्या ठरवीत. कृष्णवर्णीय पियानोवादक सन रा आणि त्याचा सहकारी ऑल्टन अब्राहम यांनी यावर स्वतःचा मार्ग काढला : एल सॅटर्न रेकॉर्ड्स.

२/ सन रा म्हणजे १९१४ साली अलाबामातील बर्मिंगहॅम येथे जन्मलेला हर्मन ब्लाउंट. आपण शनी ग्रहावरून आलो, असे तो सांगे. हा निव्वळ विक्षिप्तपणा नव्हे. ज्या भूमीने समान हक्क नाकारले, तिचे मूळपणच त्याने नाकारले.

३/ कंपनीचा व्याप लहान होता. मोजक्या प्रती निघत, अनेक वेष्टने वादक स्वतः रंगवीत आणि कार्यक्रमांच्या ठिकाणी त्या विकल्या जात.

४/ विद्युत-वाद्यांचे आकर्षण त्याला आरंभापासून होते. १९५६ मध्येच त्याने इलेक्ट्रिक पियानो वापरला. १९७० च्या सुमारास मिनीमूग सिंथेसायझरचा प्राथमिक नमुना त्याच्या हाती आला. ‘माय ब्रदर द विंड’मध्ये मुक्त जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक नाद एकत्र ऐकू येतात.

५/ स्वायत्ततेची किंमतही होती. मोठ्या वितरणाअभावी हे संगीत फार थोड्यांपर्यंत पोहोचले. कित्येक वेष्टनांवर तारीख वा वादकांची नावे नाहीत. काही मुद्रणे तर वर्षानुवर्षे उशिरा प्रसिद्ध झाली.

६/ म्हणून प्रकाशनाचे वर्ष हेच वादनाचे वर्ष मानू नये. तसे मानल्यास सन राचे कित्येक प्रयोग इतरांच्या नंतरचे ठरतात आणि श्रेय भलत्याकडे जाते.