जीपची झूल

खानदेश म्हटलं की लोकांना ऊन आठवतं. जळगाव-भुसावळचे 45 अंश दरवर्षी पेपरात छापून येतात. पण पौषातली थंडी आम्हा रावेरकडच्या केळीवाल्यांना विचारा. पारा 10 च्या खाली उतरला की केळीची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात. चरका बसला, म्हणतो आम्ही. मग रात्रभर बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा, विहिरीचं कोमट पाणी बागेत सोडायचं.

त्याच थंडीत आमच्या आबांची जीप आखडायची. विलीजची, महायुद्धातली. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या गाड्या आपल्याकडे विक्रीला निघाल्या, त्यातलीच एक हात बदलत आबांकडे आली. स्टेअरिंग डावीकडे, बॅटरी अवघी 6 व्होल्टची. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जीपा जोडल्या, त्या आबांच्या लेखी 'नव्या'!

गारठ्यात इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, पेट्रोलची वाफ धरत नाही, बॅटरीचा जोर कमी होतो. म्हणून आबा जीप गोठ्याच्या आत, बैलांच्या उबेला लावत. बोनटवर बारदानाची झूल. बॅटरी काढून घरात, चुलीशेजारी. पहाटे रेडिएटरचं गार पाणी सोडून द्यायचं, आधी कोमट भरायचं, मग कडक. एकदम उकळतं ओतलं तर बीड तडकतं, असं ते बजावत. शेजारचे नाना हसायचे, "काय आबा, गाडीले बी झूल घालू राहिले?"

1978 चा जानेवारी. मी सतरा वर्षांचा. मित्रांना घेऊन सावद्याला सिनेमाला गेलो, रात्री येऊन जीप अंगणातच उभी केली. झूल नाही, आणि दिवे तसेच चालू. तीनच्या सुमारास आजीचा दमा उसळला. भुसावळला नेणं भाग होतं. चावी फिरवली, नुसती टिक वाजली.

आबा मला एक शब्द बोलले नाहीत. बागेतल्या शेकोटीचे निखारे घमेल्यात आणले, टाकीपासून लांब, ऑइल चेंबरखाली सरकवले, बादली भरून पाणी शेजारी ठेवलं. आईनं हंडा तापवला. मग हँडल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, उलटा झटका बसला तर मनगट मोडतं. मी मारलं, आबांनी मारलं, नानांनी मारलं. घरातून आजीच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. पाऊण तास गेला. चोक ओढून नानांनी पुन्हा एक झटका दिला, तेव्हा कुठं इंजिन खोकललं, आणि धरलं.

फैजपूर ओलांडेपर्यंत कुणी बोललं नाही. आजी वाचली, पुढं सहा वर्षं जगली. दिव्यांचं मी तिला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी बारदान माझ्या खांद्यावर टाकलं. तेव्हापासून झूल घालायचं काम माझ्याकडे आहे.