डफाची थाप आणि आपलेच सरकार

पावस म्हटले की स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि हापूसच्या बागा आठवतात. परंतु मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील हे गाव आहे. घरधनी गिरणगावात आणि कारभारीण गावी, ही ताटातूट या पट्ट्याने पिढ्यानपिढ्या सोसली. अशाच ताटातुटीचे गाणे स्वतंत्र भारतात निषेधाचे गाणे कसे झाले, ते आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. अण्णा भाऊ वाटेगावच्या मातंग कुटुंबातले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४७ साली परकी सत्ता गेली, कामगारांची दैना मात्र राहिली. ती डफावर गाऊ लागलेल्या या कलापथकाच्या प्रयोगांवर मुंबई सरकारने बंदी घातली. परक्यांचा कोप अपेक्षितच असतो; स्वकीयांचा अधिक बोचतो.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबारात पंधरा जण बळी पडले. लढा संपेतो हुतात्म्यांची संख्या शंभरावर गेली. त्या दिवसांत अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात घुमली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह सांगता सांगता हे गाणे बेळगाव, कारवार, निपाणीच्या विरहाशी येऊन ठेपते. घरोघरीचे दुःख राजकारणाला जोडले गेल्यामुळेच ते सभेतून थेट चाळीत पोहोचले.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी आफ्रिकेतील नायजेरिया स्वतंत्र झाला. तेथील गायक फेला कुटी यांनी आपल्याच लष्करशहांवर गाणी रचली. १९७७ साली सैनिकांनी लागोस येथील त्यांची वस्ती जाळली. त्यांच्या वृद्ध मातेला खिडकीतून फेकले. पुढच्या वर्षी ती निवर्तली. राज्य परक्याचे असो वा आपले, गाण्याचे भय सारखेच.

अण्णा भाऊ आणि अमर शेख १९६९ साली, सहा आठवड्यांच्या अंतराने गेले. मुंबई मिळाली, बेळगाव राहिले आणि २००४ साली महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. एका मातंगाने रचलेले, एका मुसलमानाने गायिलेले हे गाणे साऱ्या मराठी माणसांचे झाले. मराठीपण जातीधर्मावर ठरत नाही, याची याहून मोठी साक्ष आम्हांस ठाऊक नाही.