सरकी, वळू आणि व्हिटॅमिन ई

१८७० साली जलंब-खामगाव रेल्वे आली ती आपल्या वऱ्हाडच्या कापसासाठी. त्याच कापसाची सरकी आपण गुरांना घालतो. तिच्यात गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. चीनमध्ये सरकीचे कच्चे तेल खाणाऱ्या गावांत मुले होईनात, तेव्हा त्याच्याकडे लक्ष गेले. १९७०च्या दशकात तिथे ते गर्भनिरोधक म्हणून हजारो पुरुषांना दिलेही! पण काहींचे पोटॅशियम घसरले, काहींचे शुक्राणू परतलेच नाहीत, आणि तो नाद सुटला.

१९९८मध्ये फ्लोरिडात तरुण वळूंना गॉसिपॉलच्या खाद्याबरोबर रोज ४००० युनिट व्हिटॅमिन ई दिले. शुक्राणूंचे नुकसान बरेच टळले.

मेख इथेच आहे. वळूंच्या पोटात विष होते, ई त्यावरचा उतारा होता. माझ्याकडे गोळ्यांची डबी घेऊन येणाऱ्या नवऱ्याने सरकी खाल्लेली नसते. २०२०च्या अमेरिकन चाचणीत सुमारे १७० पुरुषांपैकी निम्म्यांना ई, सी, सेलेनियम वगैरे दिले, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. तीन महिन्यांनी शुक्राणूंत सुधारणा दिसली नाही, बाळांच्या संख्येतही फरक नाही. आधी वीर्यतपासणी करा, तंबाखू सोडा.

आणि हो, रिफाइंड सरकी तेलातले गॉसिपॉल काढून टाकलेले असते. भजी तळायला हरकत नाही.