स्वयंनिर्देशित निवृत्तीखात्यातील सहकर्ज

निवृत्तीखात्यातील आणि खातेदाराची खासगी रक्कम एकत्र करून त्रयस्थाला स्थावराच्या तारणावर कर्ज देण्याची अमेरिकेतील पद्धत. १९७४ च्या ‘एरिसा’ कायद्याने वैयक्तिक निवृत्तीखाते (आयआरए) अस्तित्वात आणले (पहा : निवृत्तिवेतन).

खाते अभिरक्षक संस्थेकडे असते. त्यामुळे वचनचिठ्ठीवर खातेदाराबरोबर, त्याच्या खात्याच्या लाभार्थ, ही संस्थाही धनको असते. व्याज, मुद्दल व वसुलीखर्च रकमांच्या प्रमाणात विभागतात. खात्याचा वाटा खात्यातच जमा व्हावा लागतो. करसंहितेच्या कलम ४९७५ नुसार खातेदार स्वतः, जोडीदार, आईवडील, आजी-आजोबा, मुले, नातवंडे, सुना व जावई यांना या खात्यातून कर्ज देता येत नाही. भावंडे मात्र या यादीत नाहीत. खातेदाराने नियम मोडल्यास त्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून खात्याचा दर्जा संपतो व सर्व रक्कम काढली असे मानून कर लागतो. वय साडेएकोणसाठपेक्षा कमी असल्यास सामान्यतः आणखी १० टक्के कर लागतो.

व्हर्जिनिया राज्यात अशा कर्जाच्या तारणासाठी विश्वस्तखत करतात.  उदाहरणार्थ, त्या राज्यातील अ‍ॅशबर्न येथील खते लाउडन काउंटीच्या लीसबर्ग येथील सर्किट न्यायालयाच्या लिपिकाकडे नोंदवली जातात. भारतात भविष्य निर्वाह निधीतून सदस्याला स्वतःच्या घरासाठी रक्कम काढता येते, पण खात्यातर्फे इतरांना कर्ज देण्याची सोय नाही (पहा : गहाण, भविष्य निर्वाह निधी).