मुसीकाठच्या राजधानीची जुनी छायाचित्रे



आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. म्हणजे आपल्या आजा-पणजांची राजधानी मुंबई नव्हे, तर मुसी नदीकाठचे हैदराबाद. विसाव्या शतकाच्या आरंभी ती कशी होती, हे आज आपणांस छायाचित्रांतूनच पाहता येते.

या चित्रकारांत अग्रमान राजा दीनदयाळ यांचा. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली त्यांचा जन्म झाला, शिक्षण रुडकीस. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले व 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९२ साली त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढला. तेथे छायाचित्रे घेणाऱ्याही स्त्रियाच होत्या, हे आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावे! १९०५ साली दीनदयाळ वारले.

त्यांच्या चित्रांत महाल, दरबार, शिकारी आणि उमरावांचा थाट दिसतो. पण कष्टकऱ्याचे घर त्यांत क्वचितच आढळेल.

ते घर दिसते ते संकटानंतर. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असा अंदाज आहे. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाने दीडशे जीव वाचविले, असे सांगतात. पुरानंतरची छायाचित्रे पाहा: पडक्या भिंती, दगडमातीचे ढीग आणि एकेकाळच्या मोहल्ल्यांचे उघडे पडलेले चौथरे.

परंतु राजधानी रडत बसली नाही. अभियंते विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. त्यांच्या योजनेतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पुराला आळा बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. विद्येने संकटावर कशी मात करता येते, याचा याहून चांगला धडा कोणता?

मित्रांनो, जुने छायाचित्र पाहताना दोन प्रश्न विचारा: यात कोण आहे? आणि कोण नाही? मग घरातील पेटी उघडा. आजोबांचे, शाळेचे, लग्नाचे एखादे पिवळे पडलेले चित्र सापडेल. वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून मागे शिसपेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवा. राजांचा इतिहास दरबारी चित्रकारांनी जपला. आपला आपणच जपावयाचा आहे.